मुळांचे पेय आणि मोशेचा झरा

इ. स. १८७६ मध्ये अमेरिकेने आपल्या स्वातंत्र्याची शताब्दी फिलाडेल्फिया शहरात भव्य प्रदर्शन भरवून साजरी केली. त्या प्रदर्शनाशी निगडित अशा दोन वस्तूंकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. एक होते दगडी कारंजे आणि दुसरे एक घरगुती पेय. मद्याचा पेला खाली ठेवणाऱ्याच्या हाती दुसरा पेला देणे हेच दोहोंचे कार्य होते.

कारंजे उभारले ते अमेरिकेतील कॅथोलिक मद्यवर्जन संघाने. या संघाची स्थापना १८७२ सालची. कारंज्याच्या मध्यभागी खडकातून पाणी काढणारा मोशे उभा आहे. भोवतीच्या चार पुतळ्यांत आयर्लंडचे कपुचिन धर्मगुरू फादर थिओबाल्ड मॅथ्यू आहेत. लक्षावधी लोकांना मद्यवर्जनाची शपथ देणारे फादर मॅथ्यू १८४९ ते १८५१ या काळात अमेरिकेत फिरले होते.

पेयाचे नाव 'रूट बीअर', म्हणजे मुळांची बीअर. फिलाडेल्फियाचे औषधविक्रेते चार्ल्स हायर्स यांनी त्याची पुडी बाजारात आणली. पंचवीस सेंटांच्या पुडीत पाच गॅलन पेय होई. परंतु पेय त्यांच्याही आधीचे. अमेरिकेतील आदिवासी ससाफ्रास वृक्षाचे मूळ औषध म्हणून वापरीत. ती माहिती सेव्हिलचे वैद्य निकोलस मोनार्देस यांनी सोळाव्या शतकात ग्रंथबद्ध केली. पुढे वसाहतीतील गृहिणींनी त्या मुळाला सार्सापरिला, बर्च वृक्षाची साल, आले व विंटरग्रीनची पाने यांची जोड दिली. पुडीवर हायर्स यांचे नाव आले. रानातले मूळ प्रथम ओळखणारे मात्र अनामिकच राहिले.

कृती साधी होती. मुळे धुऊन, ठेचून पाण्यात उकळायची. काढा गाळून त्यात साखर वा काकवी घालायची. तो कोमट झाला की थोडे यीस्ट मिसळून बाटल्या घट्ट बंद करायच्या. यीस्ट साखर खाते, त्यातून वायू निर्माण होतो व पेय फसफसते. एकदोन दिवसांत बाटल्या थंड जागी हलवाव्या लागत. विसर पडल्यास त्या फुटत.

या क्रियेत किंचित मद्यार्कही तयार होतो. त्यामुळे १८९५ साली महिलांच्या ख्रिस्ती मद्यनिषेध संघटनेने हायर्स यांच्या पेयावर बहिष्कार पुकारला. पुढे रासायनिक तपासणीत आढळले की, बाटलीभर पेयातला मद्यार्क अर्ध्या पावाइतकाच आहे. १८९८ साली बहिष्कार मागे घेण्यात आला. नावालाच भिऊन मित्राला शत्रू ठरविण्याची चूक सज्जनांकडूनही घडते, ती अशी.

१९२० साली तेथे देशव्यापी दारूबंदी आली. चोरटी दारू व गुन्हेगारी फोफावली आणि १९३३ साली बंदी उठली. ससाफ्रासमधील सॅफ्रोल प्राण्यांच्या यकृतात कर्करोग निर्माण करते असे आढळल्यावर १९६० साली त्याचा खाद्यपेयांतील वापरही निषिद्ध झाला. 'रानातले' म्हणजे निर्धोक, असे मानता येत नाही.

आपल्या कोकणात अनंतमुळाला उपळसरी म्हणतात. ते सार्सापरिलाच्या कुळातले नव्हे. तरी इंग्रजांनी सुगंधावरून त्याला 'भारतीय सार्सापरिला' म्हटले. त्याचे सरबत आपल्याकडे परिचित आहे. तरीही लग्नमंडपात पाहुण्यांपुढे प्रथम काय येते, हे वाचक जाणतातच.

व्यासपीठावरून 'पिऊ नका' असे सांगणे आम्हा धर्मगुरूंना सोपे जाते. मोशेने तहानलेल्यांना उपदेश करून थांबविले नाही. त्याने खडकातून पाणी काढून दिले. आम्ही कोणता झरा काढून दिला, हा प्रश्न प्रथम आम्हीच स्वतःला विचारला पाहिजे.