कन्व्हेयर ड्रायर बदलताना : छपाईची खरी परीक्षा भट्टीत

बारामतीहून नीरेकडे जाणाऱ्या रस्त्यावर माळेगाव ओलांडले की पणदरे लागते. ऊस, साखर कारखाने आणि नीरा डाव्या कालव्याचे पाणी ही या पट्ट्याची जुनी ओळख. आता पणदऱ्यात एमआयडीसीचे क्षेत्र आहे आणि बारामतीच्या एमआयडीसीत हायटेक टेक्स्टाइल पार्कही उभे आहे. कपडा शिवणारे जेथे जमतात, तेथे त्यावर छापणारेही ओघाने येतात. शाळेचे गणवेश, क्रिकेट स्पर्धांच्या जर्सी, गणेश मंडळांचे आणि निवडणुकीचे टी-शर्ट, संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या मार्गाने जाते तेव्हा स्वयंसेवकांचे सदरे, अशा कामांवर दोन-चार टेबलांचा स्क्रीन प्रिंटिंगचा छापखाना चालू शकतो.

अशा छापखान्यात सर्वांत महाग आणि सर्वांत दुर्लक्षित यंत्र म्हणजे कन्व्हेयर ड्रायर. छापलेला शर्ट सरकत्या पट्ट्यावर ठेवावा, तो तापलेल्या बोगद्यातून जावा आणि दुसऱ्या टोकाला शाई पक्की होऊन बाहेर यावा, एवढेच त्याचे काम. बाजारात त्याला 'क्युरिंग मशीन' असेही म्हणतात. ते बंद पडते ते बहुधा हंगामाच्या तोंडावर, आणि मग मिळेल ते नवे यंत्र घाईने उचलले जाते. चुकीच्या खरेदीचा फटका पहिल्या दिवशी कळत नाही. तो कळतो ग्राहकाच्या घरी, तिसऱ्या-चौथ्या धुण्यात, छातीवरचे अक्षर सोलून निघू लागते तेव्हा. पाचशे शर्टांचे काम परत आले, तर नुसती छपाईची मजुरी बुडत नाही. कापडाची किंमतही छापणाऱ्याच्या अंगावर येते.

शाई वाळत नाही, शिजते

टी-शर्टवर सर्रास वापरली जाणारी प्लास्टिसॉल शाई पाण्यासारखी उडून जात नाही. पीव्हीसीचे सूक्ष्म कण एका तेलकट द्रवात मिसळलेले असतात. उष्णतेने ते एकमेकांत वितळून अखंड थर तयार होतो. त्यासाठी शाईच्या संपूर्ण जाडीने साधारण १६० अंश सेल्सिअस तापमान गाठावे लागते. फसगत अशी की, १०० अंशांच्या आसपासच ती हाताला कोरडी लागते. बोटाला रंग लागला नाही म्हणजे छपाई पक्की झाली, हा समज या धंद्यात फार महागात पडतो. कमी तापमानाला, म्हणजे सुमारे १३० ते १३५ अंशांना पक्क्या होणाऱ्या प्लास्टिसॉल शायाही आता मिळतात.

पाण्यावर आधारित पिगमेंट, रबर आणि डिस्चार्ज शायांचे गणित निराळे. त्यांतील पाणी आधी उडाले पाहिजे आणि मगच बाइंडर पक्का होतो. तापमान १५० ते १६० अंशच. पण वेळ अधिक, आणि बोगद्यात गरम हवा खेळती हवी. केवळ वरून इन्फ्रारेड पॅनेलची धग देणारे यंत्र प्लास्टिसॉलला पुरते. पाण्याच्या शाईला ते अपुरे पडते, कारण ओलसर हवा तेथेच कोंडून राहते. डिस्चार्ज छपाईत फॉर्माल्डिहाइड वायूही सुटतो. तो पंख्याने आणि नळीने इमारतीबाहेर काढण्याची सोय नसलेले यंत्र त्या कामासाठी घेऊच नये.

पॉलिएस्टरची जर्सी हा तिसरा प्रकार. कापडाचा रंगच उष्णतेने उडून शाईत शिरतो आणि लाल जर्सीवरचा पांढरा क्रमांक दोन दिवसांत गुलाबी होतो. येथे कमी तापमानाची, रंग अडवणारी शाई आणि ठरवलेल्या अंशाला स्थिर राहणारा ड्रायर, दोन्ही लागतात. दहा अंश इकडेतिकडे करणारे यंत्र सुती शर्टावर खपून जाईल, जर्सीवर नाही.

म्हणून दुकानदाराला 'किती लांबीचे यंत्र आहे', असे विचारण्याआधी गेल्या वर्षभराची बिले काढावीत आणि कोणत्या शाईचे, कोणत्या कापडावरचे काम किती झाले, ते लिहून काढावे. हा अर्ध्या दिवसाचा उद्योग आहे. तो टाळणारेच अधिक, असे वाटते.

लांबीचे साधे गणित

यंत्राची एकूण लांबी फसवी असते. मोजायची ती फक्त तापलेल्या भागाची. समजा, हा भाग दीड मीटरचा आहे आणि शर्ट त्यात एक मिनिट राहिला पाहिजे. म्हणजे पट्टा मिनिटाला दीड मीटर, तासाला ९० मीटर सरकेल. एका शर्टाला अंतरासह ७५ सेंटिमीटर धरले, तर तासाला १२० शर्ट. तेच यंत्र पाण्याच्या शाईसाठी दोन मिनिटे थांबवले की उतारा तासाला ६० वर येतो. टेबलावर तासाला १०० शर्ट छापले जात असतील, तर दर तासाला ४० ओले शर्ट साचत जातील. मग कारागीर पट्ट्याचा वेग गुपचूप वाढवतो, आणि अर्धेकच्चे शर्ट निघतात ते असे. रुंद पट्ट्यावर दोन शर्ट शेजारी मावत असतील, तर आकडा दुप्पट होतो. म्हणून जागा लहान असेल, तर लांबीपेक्षा रुंदी वाढवणे पुष्कळदा सोयीचे.

या गणिताला आपल्याकडे पावसाची जोड द्यावी लागते. सुती धागा प्रमाणित हवेत, म्हणजे ६५ टक्के आर्द्रतेत, आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी धरून असतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. दमट हवेत सुती कापडातील हे प्रमाण आणखी वाढते. आषाढी वारी, दहीहंडी, गणेशोत्सव, म्हणजे कामाची गर्दी नेमकी याच दिवसांत. ड्रायरची पहिली उष्णता कापडातील ओल उडवण्यात खर्ची पडते. एप्रिलमध्ये जुळवलेला पट्ट्याचा वेग ऑगस्टमध्ये चालत नाही. हिशेबाने लागेल त्याहून किमान चतुर्थांश अधिक क्षमता घ्यावी, असे आमचे मत आहे.

विजेचा प्रश्न

ड्रायर निवडताना निर्णायक ठरते ती आपल्या दारातली वीज. १२ किलोवॉटचा लहान ड्रायर थ्री-फेजवर प्रत्येक फेजमधून साधारण १७ अँपियर ओढतो. तोच सिंगल फेजवर लावायचा म्हटला, तर ५२ अँपियर. अर्थात थ्री-फेजला पर्याय नाही. त्यात फ्लॅशची तीन-तीन किलोवॉटची दोन यंत्रे आणि तीन अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर धरला की बेरीज २० किलोवॉटच्या किंचित वर जाते. महावितरणच्या दरपत्रकात लघुदाब उद्योगांचे २० किलोवॉटपर्यंत आणि त्यापुढे असे दोन गट आहेत. पुढच्या गटात मागणी आकार केव्हीएच्या हिशेबाने लागतो. दोन किलोवॉटने मोठा ड्रायर घेतला आणि दरमहाचे बिल दुसऱ्या गटात गेले, असे होऊ नये. मंजूर भार किती, हे जुन्या बिलावर छापलेले असते. यंत्राचे पैसे देण्याआधी ते पाहावे आणि भार वाढवावा लागणार असेल, तर तो अर्ज प्रथम करावा.

एमआयडीसीतील गाळा आणि गावठाणातील गाळा यांतही फरक पडतो. ऊसपट्ट्यात पंप सुरू झाले की विजेचा दाब घसरतो, हे सांगायला नको. हीटरची उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते: दाब १० टक्के उतरला, तर उष्णता १९ टक्क्यांनी घटते. हीटर आधीच पूर्ण ताकदीवर चालत असेल, तर तापमान नियंत्रकाच्या हाती काहीच उरत नाही. क्षमतेत शिल्लक ठेवण्याचे हे दुसरे कारण.

वीज अचानक गेली तर? पट्टा थांबतो, बोगदा मात्र तापलेलाच असतो आणि आतले शर्ट करपतात. पट्टा हाताने फिरवण्याचा दांडा असलेले यंत्र घ्यावे, किंवा पट्ट्याची छोटी मोटर तेवढी इन्व्हर्टरवर जोडून घ्यावी. संपूर्ण ड्रायर जनरेटरवर चालवणे लहान छापखान्याला परवडत नाही.

गॅसवरचे ड्रायर मोठ्या कारखान्यांत शोभतात. १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरमध्ये सुमारे २४० युनिट विजेइतकी उष्णता असते, तिचा काही भाग धुराबरोबर बाहेर जातो. आपल्या वीजदराशी ताडून पाहावे. घरगुती सिलिंडर लावणे बेकायदा आहे आणि धोक्याचेही.

जुने यंत्र खरेच मेले आहे का?

नव्याचे दरपत्रक मागवण्याआधी एक दिवस जुन्यासाठी द्यावा. ड्रायर म्हणजे शेवटी एक पेटी, हीटर, पंखा, टेफ्लॉन लावलेल्या फायबरग्लास जाळीचा पट्टा आणि नियंत्रक. क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा प्रवाह मोजला की जळालेला हीटर लगेच सापडतो. थर्मोकपल जागेवरून सरकले असेल, तर पडद्यावरचा आकडा बरोबर दिसतो आणि शर्ट कच्चे निघतात. पट्टा, हीटर, रिले बदलून काम भागत असेल, तर तेच करावे. पेटीचा पत्रा गंजला असेल, आतले उष्णतारोधक अस्तर खचून बाहेरची बाजू हात लावू नये इतकी तापत असेल, किंवा धंदा प्लास्टिसॉलकडून पाण्याच्या शाईकडे वळला असेल, तर मात्र डागडुजीत पैसे घालू नयेत.

आणखी एक प्रश्न आज विचारायलाच हवा. दहा-वीस नगांची, अनेक रंगांची कामे आता डीटीएफ फिल्मवर छापून हीट प्रेसने चिकटवली जातात. जर्सींचा मोठा हिस्सा सब्लिमेशनने होतो. या दोन्हींत शर्ट कन्व्हेयर ड्रायरमधून न्यावा लागत नाही. वर्षाचे काम मुख्यत्वे असेच असेल, तर मोठ्या ड्रायरमध्ये पैसा अडकवण्यात अर्थ नाही. शंभराच्या पुढचे, एक-दोन रंगांचे काम हे स्क्रीनचे बलस्थान, आणि ड्रायर त्या कामापुरता मापावा.

पैसे देण्यापूर्वी

विक्रेत्याकडे आपले शर्ट, आपली शाई घेऊन जावे. एकच शर्ट सोडून दाखवलेले प्रात्यक्षिक निरुपयोगी. पट्टा भरून अर्धा तास सलग माल सोडावा आणि विसाव्या-तिसाव्या शर्टावर मोजमाप घ्यावे, कारण थंड माल सतत आत जाऊ लागला की तापमान पडते. रंग बदलणाऱ्या तापमानपट्ट्या पट्ट्याच्या डाव्या कडेला, मध्ये आणि उजव्या कडेला चिकटवून सोडाव्यात. तिन्हींत दहा अंशांहून अधिक फरक आला, तर यंत्र नाकारावे. इन्फ्रारेड पिस्तूल फक्त वरच्या पृष्ठभागाचे तापमान सांगते. शाईत टेकवायची थर्मोकपलची तार अधिक विश्वासाची. मग छापील भाग ताणून तडा जातो का ते पाहावे आणि एक शर्ट घरी नेऊन पाच वेळा धुवावा. हाच अखेरचा शब्द.

तिरुपूरसारख्या होजिअरीच्या केंद्रांतून वापरलेली यंत्रेही विकत मिळतात. ती घेण्यास हरकत नाही, मात्र पट्टा एका बाजूला सरकतो का, हे तापलेल्या अवस्थेत पाहावे. थंड यंत्र सरळच चालते. नवे असो वा जुने, नियंत्रक बाजारात सहज मिळणाऱ्या मापाचा हवा. कंपनीचीच खास पाटी लागणारे यंत्र बिघडले, तर ती पाटी येईपर्यंत आठवडा जातो. साधा नियंत्रक आणि रिले मोठ्या शहरात, प्रसंगी तालुक्याच्या बाजारातही, मिळून जातो. दरवाजाची रुंदी, तसेच पट्ट्याच्या दोन्ही टोकांना माणूस उभा राहील एवढी जागा आधीच मोजून ठेवावी.

कर्जासाठी २०१५ मध्ये सुरू झालेली मुद्रा योजना आहे. तिची कमाल मर्यादा १० लाख रुपये होती. पूर्वीचे 'तरुण' गटातील कर्ज फेडलेल्यांसाठी २०२४ मध्ये ती २० लाख झाली. यंत्रावर भरलेल्या जीएसटीची वजावट नियमित नोंदणी असलेल्यास मिळू शकते, कंपोझिशन योजनेतल्यास नाही. दरांची तुलना करताना हे लक्षात घ्यावे.

जुना ड्रायर भंगारात देण्याची घाई मात्र करू नये. नवा एक पूर्ण पावसाळा पार करीपर्यंत तो कोपऱ्यात जोडलेला राहू द्यावा. दोन्ही एकाच वेळी चालू करायचे नाहीत, एवढे मंजूर भाराचे भान ठेवले म्हणजे झाले.