टुपाकचा 'ग्रेटेस्ट हिट्स' आणि आमच्या पेपरातला एक मथळा

रॅप म्हटलं की आपल्याकडे थेट 'गल्ली बॉय' आठवतो. आज जरा मागे आणि लांब, अमेरिकेत जाऊ. पोस्ट मोठी आहे, वेळ असेल तेव्हा वाचा.

२४ नोव्हेंबर १९९८ ला टुपाक शकूरचा 'ग्रेटेस्ट हिट्स' हा संग्रह बाजारात आला. दोन सीडी, २५ गाणी. गाणारा तेव्हा हयात नव्हता. सप्टेंबर १९९६ मध्ये लास वेगासला सिग्नलला थांबलेल्या गाडीत त्याला गोळ्या घातल्या, सहा दिवसांनी, १३ तारखेला तो गेला. वय फक्त २५.

असे संग्रह म्हणजे जुना माल नव्या खोक्यात. इथेही धंदा होताच, नाही कशाला म्हणा. २०११ मध्ये अमेरिकेत त्याला 'डायमंड' दर्जा मिळाला, म्हणजे एक कोटी. (त्यात एक गंमत आहे. तिथे दोन डिस्कचा संच दोनदा मोजतात, त्यामुळे संच प्रत्यक्षात निम्मेच.) पण या खोक्यामागे एक आई पण होती. अफेनी शकूर. मुलाच्या अप्रकाशित रेकॉर्डिंगसाठी ती रेकॉर्ड कंपनीविरुद्ध कोर्टात गेली होती.

कोर्ट तिला नवं नव्हतं. ती ब्लॅक पँथर. न्यूयॉर्कमध्ये बॉम्बस्फोटांच्या कटाचा आरोप झालेल्या २१ जणांत तीही होती. पोटात बाळ असताना स्वतःची बाजू तिने स्वतः मांडली. मे १९७१ मध्ये सगळे निर्दोष सुटले, पुढच्याच महिन्यात टुपाक जन्मला. त्यानंतर वर्षभरात मुंबईत ढसाळ, ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीने 'दलित पँथर' उभी केली. नाव तिकडूनच घेतलेलं. त्यामुळे हे घर आपल्याला वाटतं तितकं परकं नाही.

संग्रहातली चार गाणी आधी कधीच बाहेर आली नव्हती. त्यातलं 'चेंजेस' सगळ्यात गाजलं. टुपाकने ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला रेकॉर्ड केलेलं, मग पडून राहिलं. मागची धून ब्रूस हॉर्न्सबीच्या १९८६ च्या गाण्याची, आणि ते गाणंही वर्णभेदावरचंच. टुपाक त्यात गरिबी, पोलीस, तुरुंग यांच्यावर बोलतो. देश काळ्या राष्ट्राध्यक्षासाठी तयार नाही असंही म्हणतो. संग्रह आल्यावर दहा वर्षांनी ओबामा निवडून आले. २००९ मध्ये चक्क व्हॅटिकनने इंटरनेटवर टाकलेल्या बारा गाण्यांच्या यादीत 'चेंजेस' होतं!

आता त्याला संत करू नका. याच संग्रहात 'हिट एम अप' आहे, निव्वळ शिव्या आणि धमक्या. बायकांबद्दल वाईट बोलणारी गाणीही आहेत. लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात तो दोषी ठरला, तुरुंगात गेला. आपण काही केलं नाही, हे तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. हे वगळून त्याच्यावर लिहिणं म्हणजे अभिनंदनाची जाहिरात लिहिणं.

आणि तरीही या संग्रहातलं पहिलंच गाणं 'कीप या हेड अप' आहे, बायकांना धीर देणारं. ते त्याने लटाशा हार्लिन्सला अर्पण केलं होतं. लॉस एंजेलिसची १५ वर्षांची मुलगी. मार्च १९९१ मध्ये संत्र्याच्या ज्यूसची बाटली चोरली अशा संशयावरून दुकानदार बाईने तिला गोळी घातली. पैसे पोरीच्या हातात होते. ज्यूरीने बाईला दोषी ठरवलं, तरी न्यायाधीशांनी तुरुंगवास दिला नाही. ५०० डॉलर दंड, समाजसेवा, प्रोबेशन.

पण मला धरून ठेवतं ते दुसऱ्या डिस्कवरचं 'ब्रेंडाज गॉट अ बेबी'. मूळ १९९१ चं. सिनेमाच्या शूटिंगसाठी न्यूयॉर्कला असताना टुपाकने पेपरात बातमी वाचली: बारा वर्षांच्या मुलीला नात्यातल्याच माणसापासून दिवस गेले, बाळ तिने कचऱ्यात टाकलं. त्यावरून त्याने ब्रेंडा रचली. पोटाकडे लक्ष न देणारं घर, नशेत बुडालेला बाप, जबाबदारी टाकून गेलेला पुरुष, कोपऱ्यावरचा देहविक्रय, आणि शेवटी खून. सगळ्यांची हजेरी घेतली.

अशी बातमी मीही दिली आहे. एकदा नाही, तीन-चारदा तरी. 'माणुसकीला काळिमा', 'निर्दयी माता', आणि खाली ठरलेली ओळ, अज्ञात मातेविरुद्ध गुन्हा दाखल. एक कॉलम, फार तर दीड. संपादकांनी कधी काही विचारलं नाही, वाचकांनीही नाही.

पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये बापाचा उल्लेख नव्हता. मी विचारलाही नव्हता.