अक्षराचे वळण आणि हाताची चाल

आमच्या घराच्या माळ्यावर तांबड्या कापडात बांधलेला एक जुना रुमाल आहे. कागदपत्रांच्या गाठोड्यास रुमाल म्हणण्याची चाल दफ्तरखान्यातून आपल्या घरांत आली, हे जुन्या वाचकांस ठाऊक असेलच. या रुमालात आमच्या आजोबांच्या १९३० च्या सुमाराच्या हिशेबवह्या आहेत आणि आजींची काही पत्रे आहेत. आजींनी अक्षरओळख करून घेतली ती लग्नानंतर, चुलीपुढे बसून. एक पत्र पुरे करावयास त्यांस अख्खी दुपार लागे, असे वडील सांगत. त्यांचे बाळबोध अक्षर सुटे, ठसठशीत आणि थोडे भित्रे आहे. पण ते पत्र आज आमची नात घडाघडा वाचून दाखविते. आजोबांच्या वह्या मोडीत आहेत. दिवेलागणीपूर्वी दिवसाचा जमाखर्च भराभर उतरवून ते वही मिटीत. ती वही घरात आज कोणासही वाचता येत नाही.

ही दोन अक्षरे शेजारी ठेवून पाहताना जे विचार मनात आले, ते ज्ञातीतील विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यापुढे ठेवावेत, असे आम्हांस वाटले. कारण मंडळाच्या गुणगौरव समारंभात पालकांची जी गाऱ्हाणी कानी येतात, त्यांतील एक याच विषयाचे असते. "मुलाचे अक्षर मोत्यासारखे आहे, पण उत्तरपत्रिका पुरी होत नाही," असे एक माता म्हणते. "मुलगी सगळे लिहून येते, पण लिहिलेले तिचे तिलाही लागत नाही," असे दुसरी सांगते. या दोन्ही मातांस आम्ही नम्रपणे सांगू इच्छितो की, हा तंटा त्यांच्या घरात निर्माण झालेला नाही. नीटसपणा आणि वेग यांचा हा झगडा महाराष्ट्राने कित्येक शतके सोसला, आणि त्यापायी एका भाषेसाठी दोन लिप्या जवळ बाळगल्या.

पोथी, स्तोत्र, ग्रंथ यांसाठी बाळबोध आणि दरबार, पेढी, वसूल, घरखर्च यांसाठी मोडी, अशी ही वाटणी होती. बाळालाही बोध व्हावा अशी ती बाळबोध. तिचे नावच तिची कसोटी सांगते. मोडी महाराष्ट्रात रूढ केली ती देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाडपंत याने, असे परंपरा मानते. तिचे श्रेय कोणासही द्यावे. तिची रचना मात्र घाईत असलेल्या कारकुनाची गरज ओळखून झालेली आहे, यात संशय नाही.

ती रचना कशी, हे नव्या पिढीस सांगणे अवश्य आहे. बाळबोधीत आपण अक्षर काढतो, हात उचलतो, काना देतो, पुन्हा हात उचलून वर रेघ ओढतो. मोडी लिहिणारा प्रथम कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सबंध रेघ ओढून घेई आणि मग त्या रेघेखाली अक्षरे टांगीत जाई. अक्षरांची वळणे अशी बेतलेली की, एका अक्षराच्या शेवटातून दुसऱ्याचा आरंभ व्हावा आणि बोरू शक्यतो उचलावा लागू नये. शब्दाशब्दांत जागा सोडण्याची रीत नव्हती. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळीत नसत. राजश्री, परगणे, मुक्काम असे नित्याचे शब्द आद्याक्षर लिहून व पुढे खूण करून भागवीत. ज्या ज्या ठिकाणी हात थबकतो, ती ती जागा शोधून काढून टाकलेली, अशी ही लिपी आहे. वेगाचा इतका बारकाईने केलेला विचार पाहून आजही कौतुक वाटते.

नीटसपणाचा विचारही तितक्याच बारकाईने झाला होता. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेसच वाहिला आहे. अक्षराची गोलाई, दोन अक्षरांतील मोकळीक, ओळीस ओळ न भिडणे, शाईचा काळेपणा, टाकाची जाडी या सर्वांचा त्यात विचार आहे. ग्रंथाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत एकच टाक चालला असे वाटले पाहिजे, ही त्यांची अपेक्षा आहे. त्यातील दोन सूचना आम्हांस विशेष मोलाच्या वाटतात. तरुणपणी फार बारीक अक्षर काढू नये, कारण म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही, ही एक. आणि पानाच्या चोहोंकडे जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही, ही दुसरी. या दोन्ही सूचनांत लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वाचणारा उभा केला आहे. आणि तो वाचणारा आजचाच असेल असे नाही, पन्नास वर्षांनंतरचाही असेल.

आता दफ्तरखान्याकडे वळू. छत्रपती शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. कामाच्या गर्दीत एक पत्र लिहावयाचे राहून गेले. महाराजांनी ते वाचून दाखविण्यास सांगताच बाळाजींनी कोरा कागद हाती धरून सारे पत्र अस्खलित वाचले. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. परंतु लेखकाच्या डोक्यावर कामाचा भार किती असे, हे तीवरून कळते. अशा कचेऱ्यांत नवा उमेदवार पहिल्याच दिवशी वेगाने लिहू लागत नसे. पंतोजींच्या शाळेत तो धूळपाटीवर अक्षर गिरवून आलेला असे. मग कित्ता पुढे ठेवून बोरूने वळण घोटी. आणि वळण हातात बसले म्हणजे वेग त्याच्या मागोमाग येई. चिटणिशी वळण, बिवलकरी वळण अशी मोडीच्या वळणांची नावे चालत आली आहेत, ती याच शिस्तीची साक्ष आहेत. उत्तम कारकुनाचा कागद वेगाने लिहिलेला असूनही देखणा दिसतो, यातील मर्म हेच आहे.

तथापि या इतिहासाची दुसरी बाजू सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. समर्थांनी तो उपदेश ब्राह्मणास उद्देशून आरंभिला आहे. लेखणी ही त्या काळी मोजक्याच घराण्यांची मिरास होती. गावच्या रयतेपुढे कुलकर्ण्याचा कागद येई, तेव्हा त्यात काय लिहिले आहे हे त्या रयतेस कळावयास मार्ग नसे. कळले नाही तरी अंगठा किंवा नांगराची निशाणी करावी लागे. जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात निरक्षर शेतकऱ्याच्या लुबाडणुकीचे जे चित्र काढले, त्यात या लेखणीचा मोठा वाटा आहे. 'कलमकसाई' हा शब्द आपल्या भाषेत उगाच आलेला नाही. १८४८ साली पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा वाचणे आणि लिहिणे यांची ही बंद दारे किलकिली होऊ लागली. आज आपल्या ज्ञातीतील घराघरांत मुलगा व मुलगी दोघेही लिहितात, ही गोष्ट आपल्या पणजोबांच्या काळी गृहीत धरता येण्यासारखी नव्हती. म्हणून आमचे म्हणणे असे आहे की, वेग ही लिहिणाराची गरज आहे आणि सुवाच्यता हा वाचणाराचा हक्क आहे. ज्यांचा हा हक्क एके काळी डावलला गेला, त्यांच्या नातवंडांनी तरी तो दुसऱ्याच्या बाबतीत डावलू नये.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि लेखनाचे दिवसही पालटले. छपाईच्या ठशास हात उचलण्याचे श्रम नसतात. तेव्हा मोडीचा जो मोठा गुण, तो छापखान्यात निरुपयोगी ठरला. श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांच्या १८१० च्या मराठी कोशासाठी मोडी ठसे वापरले गेले होते, पण पुढे छापील मराठीने बाळबोधच पत्करली. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले तेही बाळबोधीतच. शाळांतून मोडी आणखी शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ती अभ्यासक्रमातून गेली. एका पिढीच्या आत घरातील नातवास आजोबांचा कागद परका झाला.

त्याचे परिणाम इतिहाससंशोधकांस भोगावे लागले. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जुनी दफ्तरे धुंडाळली व १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे खंड काढले. रियासतकार सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या अवधीत सिद्ध केले. त्या दफ्तराचा फार मोठा भाग अद्याप अप्रकाशित आहे, आणि मोडी जाणणारे हात थोडे आहेत. २०१४ साली मोडीस संगणकाच्या युनिकोड लिपिसंचात स्थान मिळाले, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु घाईच्या हाताने लिहिलेले अक्षर लावावयास अजूनही मनुष्याचा सरावलेला डोळाच लागतो.

या सर्व इतिहासातून विद्यार्थ्यांनी काय घ्यावे? आमच्या अल्प मतीप्रमाणे तीन गोष्टी घ्याव्यात.

पहिली गोष्ट क्रमाची. आधी वळण, मग ओळ, मग वेग, हा पंतोजींचा क्रम आजही मोडू नये. परीक्षेस महिना उरला असता एकदम भरभर लिहावयास बसणारा विद्यार्थी आपल्या चुकाच तेवढ्या वेगवान करून घेतो. रोज एक पान, कित्ता पुढे ठेवून, सावकाश लिहावे. हात स्थिरावला की तोच मजकूर घड्याळ लावून पाच मिनिटे लिहावा आणि शब्द मोजावेत. वेग वाढला पण अक्षर फुटले, तर एक पायरी मागे यावे.

दुसरी गोष्ट जागा ओळखण्याची. मोडी घडविणारांनी हात कोठे अडतो हे शोधले. तसे आपण आपले अक्षर कोठे बिघडते हे शोधावे. बाळबोधीत घाई झाली की ठराविक अक्षरेच दगा देतात. 'ख' चा 'रव' होतो. शिरोरेघ बेपर्वाईने ओढली तर 'ध' चा 'घ' आणि 'भ' चा 'म' होतो. मग 'धर' चे 'घर' आणि 'भार' चा 'मार' होण्यास वेळ लागत नाही. आपले लिहिलेले पान दुसऱ्या दिवशी घरातील वडीलधाऱ्यांस मोठ्याने वाचावयास द्यावे. ते जेथे अडखळतील तेथे खूण करावी. अशी पाच-सात अक्षरे हाती लागली की, सारा अभ्यास त्यांवरच करावा. सबंध वर्णमाला पुन्हा गिरविण्याचे कारण नाही. शिरोरेघ प्रत्येक अक्षरास निराळी न देता शब्द पुरा झाल्यावर एका दमात ओढली, तर वेळही वाचतो व ओळही सरळ राहते.

तिसरी गोष्ट हाताची. बोरूस दाब लागत नसे. तो कागदावरून नुसता चाले. हल्लीच्या बॉलपेनाने लिहिताना मुले ते मुठीत आवळतात आणि कागदाच्या मागील बाजूस अक्षरे उमटेपर्यंत दाबतात. भाषेची उत्तरपत्रिका तीन तासांची असते. तेवढा वेळ असा हात टिकणार नाही. लेखणी सैल धरावी, बोटांबरोबर मनगट व कोपरापासूनचा हातही चालू द्यावा, पाठ ताठ आणि कागद किंचित तिरपा असावा. २०२० च्या महामारीत शाळा बंद पडल्या, तेव्हा पुष्कळ मुलांचा हात लिहिण्यापासून तुटला. तो पुन्हा जोडण्यास रागावण्याचा उपयोग नाही, रोजची पंधरा मिनिटे हवीत.

शेवटी आजोबांच्या वहीची हकिकत पुरी करतो. गेल्या वर्षी मोडीचे एक जाणकार गृहस्थ आमच्या घरी आले आणि तीन संध्याकाळ बसून त्यांनी त्या वह्या वाचून दाखविल्या. तेल, मीठ, नांगराची दुरुस्ती, देवास नारळ, असा तो संसार होता. त्यात वर्षातून दोनदा येणारी एक नोंद निघाली: ज्ञातीतील एका मुलाची शाळेची फी. आजोबांनी ही गोष्ट घरात कधी कोणास सांगितली नव्हती. आम्ही सारे उत्सुकतेने पुढे सरकलो आणि मुलाचे नाव विचारले. गृहस्थांनी भिंग घेतले, वही उजेडाकडे धरली, पुढची-मागची पाने पडताळून पाहिली. रक्कम स्पष्ट होती, तिथी स्पष्ट होती. नावाच्या जागी मात्र बोरू इतक्या घाईने गेला होता की, तीन अक्षरांची एक लाट तेवढी उमटलेली होती. "येथे आजोबांस उठण्याची घाई झालेली दिसते," एवढेच ते म्हणाले.

तो मुलगा कोण, पुढे त्याचे काय झाले, त्याची नातवंडे कदाचित हाच अंक वाचीत असतील काय, हे आता कळावयाचे नाही. आजोबांच्या उदार हातास आम्ही वंदन करतो. आणि आपल्या मुलांस एवढेच सांगतो की, हात कितीही वेगाने चालो, माणसाचे नाव आले म्हणजे लेखणी क्षणभर सावकाश करावी. इत्यलम्.