घड्याळजीने घडविलेली फिरकी

घड्याळजी म्हटला की डोळ्याला भिंग लावून, मान खाली घालून, चिमट्याने इवलीशी चक्रे उचलणारा माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. अशा माणसाचा आणि नदीकाठी गळ टाकून बसणाऱ्याचा संबंध काय, असे कोणासही वाटेल. परंतु अमेरिकेतील गळाच्या शिकारीचा इतिहास पाहू लागले, तर या इतिहासाच्या प्रत्येक वळणावर कोणी ना कोणी घड्याळजी भेटतो. ज्या माशासाठी हा सारा खटाटोप झाला त्याचे नाव ब्लॅक बास.

हा मासा गोड्या पाण्यातला. नावात बास असले तरी सागरातल्या बास माशांशी त्याचे जवळचे नाते नाही. प्राणिशास्त्रज्ञ त्याला सनफिश या माशांच्या कुळात घालतात. त्याच्या दोन जाती विशेष प्रसिद्ध आहेत. लहान तोंडाचा बास खडकाळ, वाहत्या, थंड पाण्यात रमतो. मोठ्या तोंडाचा बास शेवाळ, पाणवेली आणि बुडालेली लाकडे यांच्या आडोशाला दबा धरून राहतो. या दोन्ही जातींचे शास्त्रीय वर्णन लासेपेद या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८०२ साली केले. गळ लागताच पाण्याबाहेर उसळी घेऊन, डोके झाडून तो काढून टाकण्याची याची धडपड मोठी विलक्षण असते. म्हणूनच साध्या काठीने त्याला वश करणे कठीण, आणि म्हणूनच त्याच्यासाठी निराळी काठी, निराळी फिरकी व निराळी दोरी यांचा शोध सुरू झाला.

या माशाचे मूळ घर ओहायो नदीचे खोरे, पंचमहासरोवरांचा प्रदेश आणि अमेरिकेची दक्षिणेकडील संस्थाने. पूर्व किनाऱ्याच्या पुष्कळ नद्यांत तो नव्हताच. त्याला तेथे नेले आगगाडीने. १८५४ साली बाल्टिमोर आणि ओहायो रेल्वेच्या एंजिनामागील पाण्याच्या टाकीत भोके पाडलेली बादली सोडून, त्या बादलीतून ओहायो खोऱ्यातले थोडेसे बास पर्वत ओलांडून पूर्वेकडे आणण्यात आले आणि कंबरलँड येथील कालव्यात सोडण्यात आले. तेथून ते पोटोमॅक नदीभर पसरले. नव्या देशात जसा माणूस तसाच मासाही आगगाडीने वस्ती करू लागला.

आता त्या पहिल्या घड्याळजीकडे वळू. केंटकी संस्थानात पॅरिस नावाचे एक लहान गाव आहे. तेथे जॉर्ज स्नायडर नावाचा कारागीर चांदीची भांडी घडवी आणि घड्याळे दुरुस्त करी. त्याला गळाचाही नाद होता. १८१० ते १८२० या दशकात केव्हातरी त्याने स्वतःच्या हौसेसाठी पितळेची एक फिरकी तयार केली. फिरक्या त्यापूर्वीही होत्या आणि दातेरी चक्रांच्या फिरक्या इंग्लंडात अठराव्या शतकातच निघाल्या होत्या. पण त्या ओबडधोबड असत व जोर पडताच कुरकुरत. स्नायडरने तेथे घड्याळाची शिस्त आणली. चक्राचा प्रत्येक दाता घासून नीट केला, आस मऊ फिरेल असा बसविला. केंटकीच्या अशा फिरक्यांत मूठ एकदा फिरविली की रीळ चार वेळा फिरे, हे प्रमाण पुढे रूढ झाले.

याचा लाभ दुहेरी होता. मासा धावून आला तर दोरी झपाट्याने गुंडाळता येई, हा एक. दुसरा त्याहून मोठा. रीळ इतके हलके फिरे की जिवंत लहान मासळीचे आमिष काठीने भिरकावले म्हणजे त्याच्याच वजनाने दोरी रिळावरून उलगडत जाई. तोपर्यंत दोरी हाताने ओढून, तिचे वेढे सोडून मग आमिष फेकावे लागे. फ्रँकफर्ट गावच्या जोनाथन आणि बेंजामिन मीक या बंधूंनी आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्या बेंजामिन मायलमने हीच कला पुढे नेली. केंटकीची फिरकी हे नाव साऱ्या देशात उत्तम कारागिरीचे दुसरे नाव बनले.

परंतु गुणाबरोबर दोषही आला. आमिष पाण्यात पडून थांबले तरी रीळ फिरतच राहते. मग सुटलेली दोरी एकमेकींत अडकते आणि रिळावर पक्ष्याच्या घरट्यासारखा गुंता होतो. त्याला उपाय एकच होता: फिरणाऱ्या रिळावर अंगठा हलकेच टेकवून त्याला आवर घालणे. हे शिकण्यास कित्येक महिने लागत. यंत्र जितके गुळगुळीत, तितका माणसाचा अंगठा जागा हवा, हा धडा त्या काळच्या शिकाऱ्यांनी बोटे भाजून घेतला.

फिरकी सुधारली, पण काठी मागेच राहिली होती. बाससाठी कोणी सॅल्मन माशाची जड काठी वापरी, कोणी ट्राउट माशाची लवचीक छडी. ही अव्यवस्था ज्याने मोडली तो पेशाने वैद्य होता. डॉ. जेम्स हेन्शॉल यांचा 'बुक ऑफ द ब्लॅक बास' हा ग्रंथ १८८१ साली प्रसिद्ध झाला. ट्राउट हा प्रतिष्ठितांचा मासा आणि बास हा सामान्यांचा, अशी जी समजूत होती तिच्यावर त्यांनी या ग्रंथात घाव घातला. बास हा कोणत्याही माशाच्या तोडीचा लढवय्या आहे, तेव्हा त्याच्यासाठी त्याच्या योग्यतेची काठी हवी, असा त्यांचा आग्रह होता. त्यांनी सुचविलेली काठी सुमारे सव्वाआठ फूट लांबीची होती. पुढे शिकागोच्या मंडळींनी ती आणखी आखूड करून सहा फुटांवर आणली.

आखूड काठीत लाभ कोणता? काठी हा तरफेचाच एक प्रकार आहे. काठी जितकी लांब तितके आमिष दूर जाते. पण मासा टोकाशी ओढू लागला की तीच लांबी माशाच्या बाजूने आणि मनगटाच्या विरुद्ध काम करते. शिवाय पाणवेलींतल्या वीतभर मोकळ्या जागेत आमिष नेमके टाकायचे तर आखूड काठीच उपयोगी.

काठीच्या कथेत आपल्या देशाचाही वाटा आहे, आणि तो लहान नाही. पेनसिल्व्हेनियातील ईस्टन गावी सॅम्युअल फिलिप हा बंदुका व व्हायोलिन करणारा कारागीर होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास त्याने बांबू चिरून, त्याच्या पट्ट्या तासून व सरसाने चिकटवून काठी केली. बांबूचे बळ त्याच्या सालीलगतच्या तंतूंत असते. आतला मऊ भाग टाकून केवळ साल जोडली तर बारीक छडीलाही पोलादी पात्याची उसळी येते. मेन संस्थानातील हायरम लिओनार्ड याने सहा पट्ट्यांची अशी काठी यंत्राच्या साहाय्याने बनविण्यास आरंभ केला. हा बांबू येई हिंदुस्थानातून, आणि कलकत्त्याच्या बंदरातून जहाजावर चढे म्हणून अमेरिकेत त्याचे नाव पडले कलकत्ता केन. सामान्यतः ज्या जातीचा हा बांबू मानला जातो तीच आपल्या चांदा-गडचिरोलीच्या रानातली मानवेल. आपल्याकडे जिचे कूड आणि टोपल्या होतात, तिच्याच भाऊबंदांची तिकडच्या श्रीमंतांच्या हातातली छडी झाली. आणि गरिबाचा मुलगा तोच बांबू न चिरता, अखंडच खांद्यावर टाकून तळ्यावर जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी चीनच्या क्वांगतुंग प्रांतातील टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. त्याची पेरे लांब आणि तंतूंचा थर जाड असतो.

दोरी रेशमाची असे. रेशमी दोरी बारीक, मऊ आणि मजबूत; पण पाण्याने कुजणारी. दिवस संपला की ती रिळावरून काढून वाळत घालावी लागे. ज्याने आळस केला त्याचा मासा पुढच्या खेपेस दोरीसकट गेलाच म्हणून समजावे. ती रिळावर सारखी पसरणेही अवघड असे. ही अडचण मिशिगनमधील कालामाझू येथील विल्यम शेक्सपियर ज्युनियर याने दूर केली. दोन्ही दिशांनी आटे कापलेल्या एका दांड्यावर दोरीला वाट दाखविणारी खूण इकडून तिकडे सरकत राहील, अशी युक्ती त्याने काढली. तिचे पेटंट त्याला १८९७ साली मिळाले.

त्यानंतर आठ वर्षांनी इंग्लंडात याहून वेगळी कल्पना निघाली. ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या गिरण्यांचे शहर. तेथील आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ याने १९०५ साली अशा फिरकीचे पेटंट घेतले की जीत रीळ फिरतच नाही. कोष्ट्याच्या कांडीवरून सूत जसे टोकाकडून निसटत जाते, तशी दोरी स्थिर रिळाच्या काठावरून निघते. रीळच फिरत नाही, तेव्हा पूर्वीचा गुंता होण्याचे कारणच उरले नाही, आणि अगदी हलके आमिषही दूर टाकता येऊ लागले. या फिरकीला योग्य दोरी मात्र अजून जन्मली नव्हती.

ती जन्मास आली १९३८ साली, जेव्हा ड्यू पाँट कंपनीने नायलॉनची घोषणा केली. पुढे जपानशी युद्ध जुंपले, तिकडचे रेशीम बंद झाले आणि नायलॉनला मैदान मोकळे मिळाले. नायलॉनचा एकेरी तंतू पाण्यात दिसत नाही आणि कुजत नाही. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात काचतंतूंच्या काठ्या आल्या. १९५० साली कोरियाच्या युद्धामुळे अमेरिकेने चीनशी व्यापार तोडला, टोंकिन बांबू दुर्मिळ झाला आणि काचतंतूचे राज्य पक्के झाले. १९७० च्या दशकात विमानांसाठी शोधलेला कार्बनतंतू काठीत आला, तेव्हा दोरीच्या टोकाशी माशाने नुसते तोंड लावले तरी ते तळहाताला कळू लागले.

घड्याळजींनी मात्र रजा घेतली नव्हती. स्वीडनमध्ये १९२१ साली निघालेली आबू ही कंपनी. तिच्या नावाचा अर्थच घड्याळांचा कारखाना. ती टॅक्सीचे भाडे मोजणारी यंत्रे करी. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासे झाले, टॅक्सी थांबल्या, आणि कारागिरांचे सरावलेले हात फिरक्यांकडे वळले. त्यांची १९५२ ची अँबॅसडर फिरकी बासच्या शिकाऱ्यांत फार नावाजली, कारण तिच्यात रिळाच्या धावेला आवर घालणारी खीळ आतच बसविलेली होती. अंगठ्याचे निम्मे काम यंत्राने पत्करले. इकडे टेक्ससमधील आर. डी. हल या घड्याळे दुरुस्त करणाऱ्या गृहस्थाने वाणसामानाच्या दुकानात स्थिर गुंडीवरून सुटणारा सुतळीचा धागा पाहिला आणि त्यावरून झाकणाची फिरकी योजिली. तेलविहिरींसाठी स्फोटके करणाऱ्या ओक्लाहोमातील एका कंपनीने १९४९ साली ती बाजारात आणली. बटण दाबावे आणि सोडावे, इतकेच काम. जे शिकण्यास पूर्वी महिने लागत, ते लहान मूल एका दुपारी शिकू लागले.

मग इतक्या साधनांतून निवड कशी करावी? दीडशे वर्षांच्या अनुभवाचे सार थोडक्यात सांगता येते. आधी पाणी पाहावे, मग आमिष, मग दोरी, आणि शेवटी काठी व फिरकी. दाट पाणवेली असतील तर जाड दोरी, ताठ काठी आणि फिरत्या रिळाची दणकट फिरकी हवी, कारण मासा क्षणात बाहेर खेचला नाही तर वेलींत गुरफटतो. पाणी नितळ आणि आमिष हलके असेल तर बारीक तंतू, लवचीक काठी आणि स्थिर रिळाची फिरकी बरी. जड दोरी लवचीक काठीवर चढविणे, किंवा हलके आमिष ताठ काठीने फेकू पाहणे, म्हणजे बैलगाडीला घोड्याचा लगाम लावणे होय. तिन्ही वस्तूंचा मेळ बसला पाहिजे. एकीचे मोल दुसरीची उणीव भरून काढत नाही.

आणि मोल म्हणजेच यश, असेही नाही. २ जून १९३२ रोजी, मंदीच्या कडक दिवसांत, जॉर्जिया संस्थानातील जॉर्ज पेरी हा वीस वर्षांचा शेतकरी तरुण एका मित्रासह मॉन्टगोमेरी तळ्यावर गेला. दोघांत मिळून एकच कृत्रिम आमिष होते आणि काठी-फिरकी अगदी स्वस्तातली. त्या दिवशी त्याने २२ पौंड ४ औंस वजनाचा मोठ्या तोंडाचा बास काढला. तो वजन करून घरी नेला आणि घरच्यांनी खाल्ला. सत्याहत्तर वर्षे त्या वजनाची बरोबरी कोणास साधली नाही. २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी ती साधली; त्यांचा मासा औंसभराने अधिक भरला, पण नियमाप्रमाणे तेवढे अंतर पुरेसे नसल्याने दोघांची नावे जोडीने नोंदली गेली.

या बिवा सरोवराच्या उल्लेखात दुसरीही एक गोष्ट दडलेली आहे. जपानात हा मासा मुळचा नव्हे. १९२५ साली तो अमेरिकेतून आणून आशी सरोवरात सोडला गेला. पुढे तो देशभर पसरला आणि तेथील लहान देशी मासळी त्याने फस्त केली. आज जपानी कायदा त्याला उपद्रवी परका ठरवितो, आणि बिवाच्या काठी पकडलेला बास पुन्हा पाण्यात सोडण्यास २००३ पासून मनाई आहे. अमेरिकेत याच्या नेमके उलट घडले. रे स्कॉट या विमा-विक्रेत्याने १९६७ साली आर्कन्सॉमधील बीव्हर तळ्यावर बासची मोठी स्पर्धा भरविली, आणि साधने इतकी प्रभावी झाली की मासे उरतील की नाही अशी चिंता उत्पन्न झाली. तेव्हा १९७२ पासून त्यानेच मासा जिवंत ठेवून परत सोडण्याची चळवळ हाती घेतली. एकाच माशाला एका देशात सोडणे हे कर्तव्य आणि दुसऱ्या देशात गुन्हा. काठी-दोरी दोन्हीकडे तीच. पाणी निराळे म्हणून न्याय निराळा.

म्हणून साधनांच्या निवडीत एक गोष्ट विसरून चालत नाही. ज्याला मासा परत सोडायचा आहे त्याने अगदी नाजूक दोरी घेऊन त्याला दमेपर्यंत खेळवू नये; अति दमलेला मासा सुटूनही जगत नाही. आणि ज्याला तो घरी न्यायचा आहे त्याने भुकेपुरताच न्यावा. स्नायडरने फिरकीचे दाते घासले ते हात आणि पाणी यांच्यामधली कुरकुर नाहीशी व्हावी म्हणून. दोनशे वर्षांत ती कुरकुर जवळजवळ नाहीशी झाली. अंगठ्याचे कामही यंत्राने घेतले. पण केव्हा थांबावे हे सांगणारा अंगठा आजवर कोणत्याही घड्याळजीला घडविता आलेला नाही. तो ज्याचा त्यानेच जागा ठेवावयाचा असतो.