जर-तरचे घर

आपल्याकडे ‘जर-तर’ला किंमत नाही. ज्याचा भरवसा नाही, ती जर-तरची गोष्ट. पण संगणकाच्या दुनियेत हेच दोन शब्द हुकमाचे. ‘जर दार उघडले, तर दिवा लाव’ एवढे सांगितले, की यंत्र ते निमूट पाळते. शब्दांत रमणाऱ्या मला कुतूहल वाटते ते इतकेच, की हे सांगण्याचा अधिकार कुणाचा?

१ मे १९६४ च्या पहाटे अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात ‘बेसिक’ ही संगणकाची भाषा प्रथम चालली. जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ हे गणिताचे प्राध्यापक तिचे जनक. तोवर संगणक ही तज्ज्ञांची मिरासदारी होती. साहित्य, इतिहास शिकणाऱ्या मुलांनाही यंत्राशी बोलता यावे, हा या दोघांचा ध्यास. म्हणून त्यांनी रोजच्या इंग्रजीतले मोजके शब्द निवडले; त्यांत ‘जर’ आणि ‘तर’ होतेच. पुढे घरगुती संगणक आले, तेव्हा अनेकांच्या पोटात बेसिक होती.

दिव्यांपर्यंत हुकूम पोचवण्याची एक युक्ती १९७५ मध्ये स्कॉटलंडच्या पिको इलेक्ट्रॉनिक्सने काढली. तिचे नाव ‘एक्स-टेन’. निरोप घरातल्या विजेच्या तारांतूनच जाई; नवी तार ओढायला नको. १६ अक्षरे आणि १६ आकडे यांच्या जोड्यांतून २५६ पत्ते तयार होत.

२०१० मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या एका सेवेचे तर नावच ‘इफ धिस देन दॅट’, म्हणजे ‘हे झाले तर ते कर’. आता भाषाही शिकायला नको. पडद्यावर बोट ठेवून नियम जोडायचा. मात्र तो नियम राहतो आपल्या घरात नव्हे, कंपनीच्या दूरच्या संगणकावर.

त्यातली जोखीम २०१६ च्या मे महिन्यात दिसली. ‘रिव्हॉल्व्ह’ ही घरातली उपकरणे चालवणारी पेटी सुमारे ३०० डॉलरला विकली गेली होती. ती कंपनी विकत घेणाऱ्या ‘नेस्ट’ने तिची सेवा थांबवली, आणि धडधाकट पेट्या निकामी झाल्या.

यावर उतारा आधीच तयार होत होता. पाउलस स्खाउटसेन यांनी २०१३ मध्ये सुरू केलेली ‘होम असिस्टंट’ ही मोफत प्रणाली घरातल्याच छोट्या संगणकावर चालते. जगभरचे हौशी लोक तिच्यात भर घालतात. ती बसवायला थोडी खटपट पडते, हे खरे.

म्हणून ‘स्मार्ट’ वस्तू घेताना किमतीबरोबर आणखी एक गोष्ट विचारावी: इंटरनेट गेले, कंपनी बुडाली, तर ही वस्तू माझे ऐकेल का?