भार, दोर आणि माणूस

इतिहासाचे ग्रंथ चाळले असता एक गोष्ट सहज ध्यानात येते. अमुक राजाने अमुक मंदिर उभारले, अमुक सेनापतीने अमुक किल्ला घेतला, अमुक कंपनीने घाटातून आगगाडी नेली, असे त्यांत जागोजाग लिहिलेले आढळते. परंतु मंदिराचा पाषाण, किल्ल्यापुढील तोफ किंवा पुलाची तुळई त्या जागी पोहोचली कशी, तिचा भार कोणत्या दोराने आणि कोणाच्या खांद्याने पेलला, व तो पेलताना दगावले कोण, हे क्वचितच सांगितलेले असते. वस्तुतः अवजड भार हलविण्याची विद्या ही मनुष्याच्या अगदी जुन्या विद्यांपैकी एक होय. तिचा विकास कसा झाला व तिच्यातील धोका कोठून कोठे सरकत गेला, याचा विचार आपल्या वऱ्हाडाच्या व महाराष्ट्राच्या दृष्टीने करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

स्थूलमानाने पाहता अवजड भाराशी मनुष्याने तीन प्रकारे व्यवहार केला असे म्हणता येईल. पहिला प्रकार म्हणजे तो न उचलणे, दुसरा म्हणजे ओढणे, आणि तिसरा म्हणजे टांगणे. हे तीन प्रकार एकामागून एक आले व गेले असे मात्र नव्हे. आजही ते शेजारीशेजारी नांदत आहेत. तथापि प्रत्येकातील धोका भिन्न आहे, आणि हा भेद न ओळखल्यामुळेच पुष्कळ अनर्थ ओढवतात.

पहिल्या प्रकाराचे सर्वोत्कृष्ट उदाहरण वेरुळास आहे. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळी, म्हणजे आठव्या शतकात, कैलास लेणे खोदले गेले. कारागिरांनी डोंगराच्या माथ्यापासून खाली खोदत जाऊन कळसापासून पायापर्यंत मंदिर मोकळे केले. जे नको ते काढून टाकले, आणि जे हवे ते जागचे हलविलेच नाही. एवढ्या प्रचंड वास्तूचा एकही स्तंभ कोणास उभा करावा लागला नाही, की एकही तुळई चढवावी लागली नाही. श्रवणबेळगोळची गोमटेश्वराची सुमारे 57 फूट उंचीची मूर्ति, जिच्या पायाशी चामुंडरायाचे नाव सांगणारी जुनी मराठी अक्षरे कोरलेली आहेत, तीही टेकडीच्या माथ्यावरील खडकातूनच कोरून काढलेली आहे. भाराशी झुंज घेण्यापेक्षा भार जेथे आहे तेथेच त्यास रूप द्यावे, यात केवळ कलादृष्टि नव्हती, व्यवहारातील शहाणपणही होते.

परंतु सर्वच भार जागच्या जागी ठेवून चालत नाही. तोफ ही तर हलविण्यासाठीच ओतलेली असते. 1549 साली अहमदनगरास ओतलेली, सुमारे 55 टन वजनाची मलिक-ए-मैदान ही तोफ 1632 साली परांड्याहून विजापुरास नेली गेली. तिच्या ओढीस शेकडो बैल व दहा हत्ती जुंपले होते असे परंपरा सांगते. तिच्या जोडीची तोफ वाटेत भीमेच्या पात्रात बुडाली असेही सांगतात. आख्यायिकेत अतिशयोक्ति असेल; परंतु जड वस्तु नेताना सर्वांत कठीण जागा म्हणजे उतार आणि नदीचे पात्र, हे त्या आख्यायिकेचे मर्म अगदी खरे आहे.

आमच्या वऱ्हाडात या विद्येची मोठी कसोटी 1803 साली गाविलगडाच्या डोंगरात लागली. 29 नोव्हेंबर रोजी अडगावची लढाई झाल्यावर नागपूरकर भोसल्यांची फौज गाविलगडाकडे हटली. किल्ल्याची दक्षिण बाजू इतकी तुटलेली की तेथून तोफांचा मारा करून मोठे खिंडार पाडणे दुर्घट. उत्तरेस मात्र लबाडा गावाच्या बाजूने जमीन बरीचशी सपाट. म्हणून जनरल वेलस्लीने कर्नल स्टीव्हन्सन यास अवजड तोफा देऊन डोंगरातून वळसा घालून पाठविले. 7 डिसेंबर रोजी एलिचपुराहून निघालेली ही तुकडी 12 तारखेस लबाड्यास पोहोचली. सुमारे 30 मैलांची ही वाट. रस्ता नव्हताच, तो आधी तयार करावयाचा व मग त्यावरून तोफा ओढावयाच्या. जवळजवळ सर्व अंतर त्या तोफा डोंगर-दऱ्यांतून माणसांनी हातांनी ओढून नेल्या, असे वेलस्लीने आपल्या खलित्यात स्पष्ट नमूद केले आहे. पुढे 15 तारखेस किल्ला पडला, किल्लेदार बेनीसिंग कामास आला, आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह होऊन वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेले.

या सहा दिवसांचा विचार केल्यास असे वाटते की गाविलगड तोफांनी घेतला हे खरे. पण तोफा ज्या दोरांनी चढल्या त्या दोरांनीच तो आधी घेतला होता. ते दोर धरणाऱ्यांपैकी एकाचेही नाव खलित्यात आलेले नाही.

ओढण्याच्या या प्रकारात एक सोय असते. भाराचे वजन बव्हंशी जमीन पेलते. दोराने पेलावयाचे ते घर्षण आणि चढाचा ताण. दोर तुटला तर सपाटीवर भार जागीच थांबतो. चढावर मात्र तो मागे घसरतो, म्हणून जाणता मुकादम चाकामागे दगड किंवा ओंडका घेऊन माणूस चालवितो. शिवाय ओढणारे हात शेकडो असतात, आणि एकाचा पाय घसरला तरी बाकीचे सावरतात. धोका येथेही आहेच, परंतु तो अनेकांत वाटलेला आहे.

टांगण्याच्या प्रकारात ही सोय नाहीशी होते. येथे जमिनीचा आधार सुटतो आणि सगळे वजन एका आकड्यावर, एका दोरावर, एका कडीवर येते. भार पृथ्वीच्या स्वाधीन होता तो मनुष्याच्या स्वाधीन होतो. मनुष्याची चूक झाली की पृथ्वी तो परत घेते, आणि मध्ये कोण उभे आहे ते पाहत नाही.

गेल्या दोन शतकांत टांगण्याचे प्रमाण विलक्षण वाढले. भोरघाटाचे काम 1856 साली सुरू झाले व 1863 साली आगगाडी तेथून धावू लागली. 25 बोगदे व 8 मोठे पूल असलेल्या त्या कामावर 1861 साली 42,000 पर्यंत मजूर होते. 1859 साली कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल वारला व त्याची पत्नी ॲलिस हिच्या देखरेखीखाली काम पुरे झाले, हे आपणांस ठाऊक आहे. साथीने व अपघाताने गेलेल्या मजुरांची नावे मात्र ठाऊक नाहीत. पुढे 1867 साली लोहमार्ग बडनेरा, चांदूर, धामणगाव करीत पुलगावनजीक वर्धा ओलांडून नागपुरास पोहोचला. त्याच्यामागून जिन-प्रेसची अवजड यंत्रे वऱ्हाडात आली, आणि यारी, साखळी व कप्पी या वस्तु आमच्या गावांच्या परिचयाच्या झाल्या.

त्याच सुमारास दोरही बदलला. 1834 साली जर्मनीतील हार्त्झच्या खाणींत विल्हेल्म आल्बर्ट याने लोखंडी तारांचा पीळ घालून दोर तयार केला. साखळीची एक कडी तुटली की सारे संपते, आणि ती बहुधा पूर्वसूचना न देता तुटते. तारेचा दोर मात्र एकेक तार तुटत आपली अवस्था दाखवितो. पाहणारा असेल तर तो आधी बोलतो. म्हणूनच रोज दोर तपासणे हा या विद्येचा पहिला पाठ होय. दोराच्या तुटण्याच्या ताकदीच्या साधारण पाचव्या हिश्श्याहून अधिक भार त्यावर घालू नये, असा प्रघात आहे; हे चार हिस्से वाया गेले असे कंत्राटदारास वाटते, पण ते झटक्यासाठी, झिजेसाठी आणि मनुष्याच्या अंदाजातील चुकीसाठी राखून ठेवलेले असतात.

दुसरा पाठ कोनाचा. दहा टनांची तुळई दोन दोरांनी सरळ उभी धरली तर प्रत्येक दोरावर पाच टन येतात. तेच दोर आकड्यापासून तिरपे पसरून जमिनीच्या पातळीशी 60 अंशांचा कोन करू लागले तर प्रत्येकावर पावणेसहा टनांहून किंचित अधिक, 45 अंशांवर सात टनांहून थोडे अधिक, आणि 30 अंशांवर पूर्ण दहा टन! तुळई तीच, दोर तेच. केवळ दोर आखूड घेतल्यामुळे ताण दुप्पट झाला. हे गणित महाविद्यालयात पहिल्या वर्षीच शिकविले जाते, पण फास घालणाऱ्या माणसास ते कोणी सांगत नाही, हा आमच्या शिक्षणाचा मोठाच दोष समजला पाहिजे.

तिसरा पाठ हुकुमाचा. 1586 साली रोमात डोमेनिको फोंताना याने तीनशे टनांहून अधिक वजनाचा प्राचीन शिलास्तंभ शेकडो मजूर, घोडे व सुमारे चाळीस रहाट लावून हलविला. तुतारी वाजली की ओढावे, घंटा वाजली की थांबावे, आणि कोणी एक शब्दही उच्चारू नये, अशी सक्त ताकीद होती. दोर तापून तुटण्याच्या बेतात असता एका खलाशाने मौन मोडून ‘दोरांवर पाणी घाला’ असे ओरडून सांगितले व काम वाचले, अशी दंतकथा आहे. ती घडली असो वा नसो, तिच्यात या विद्येचे सार आले आहे. उचलण्याचा हुकूम एकानेच द्यावा. थांबण्याचा मात्र कोणीही द्यावा, व तो सर्वांनी मानावा. आजची शिस्तही हेच सांगते.

आमच्या देशात या गोष्टी कायद्यात उशिरा आल्या. अपघातग्रस्त कामगारांस नुकसानभरपाई देणारा कायदा 1923 साली झाला. 1948 च्या कारखाना कायद्याने उचलण्याच्या यंत्रांची, साखळ्यांची व दोरांची वर्षातून निदान एकदा जाणत्या माणसाकडून कसून तपासणी करणे बंधनकारक केले. इमारती व रस्ते बांधणाऱ्या मजुरांसाठी मात्र स्वतंत्र कायदा व्हावयास 1996 साल उजाडले. आणि 2020 साली या विषयावरील निरनिराळे कायदे एका संहितेत गोवण्यात आले.

कायदा असूनही काय होऊ शकते, हे 2023 साली दिसून आले. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यात धामणगाव, चांदूर व नांदगाव खंडेश्वर या तालुक्यांतून जातो; त्याच मार्गाच्या दुसऱ्या टोकाकडे, शहापूर तालुक्यातील सरलांबे गावाजवळ, 31 जुलैच्या रात्री पुलाचे गर्डर बसविणारे अजस्र यंत्र कोसळून 20 माणसे मृत्युमुखी पडली. पोटासाठी परप्रांतांतून आलेले बरेच जण त्यांत होते. 701 किलोमीटरचा तो मार्ग जून 2025 मध्ये पूर्णपणे खुला झाला. त्यावरून आपण आठ तासांत मुंबई गाठू, आणि गाविलगडाच्या खलित्याप्रमाणेच या मार्गाच्या वर्णनातही दोर धरणाऱ्यांची नावे नसतील.

तिवशासारख्या गावावरून जाणारा नागपूर-अमरावती हमरस्ता असो, की वर्धेवरचा एखादा पूल असो. तेथे यारीखाली उभा राहणारा माणूस बहुधा आपल्याच गावाकडचा, नाही तर आपल्यासारख्याच दुसऱ्या गावाकडचा असतो. त्यास यंत्रशास्त्र शिकविणे लागेल, हे उघडच आहे. परंतु त्याहूनही अगोदर त्यास एक अधिकार दिला पाहिजे: दोर उसवलेला दिसला, कोन पसरट दिसला, भाराखाली कोणी गेलेला दिसला, तर हात वर करून ‘थांब’ म्हणण्याचा. आणि असे म्हटल्याबद्दल त्याची त्या दिवसाची मजुरी बुडता कामा नये. मुकादमाच्या भीतीने जो बोलत नाही, त्याच्या डोक्यावर टांगलेला भार दोराने नव्हे, दैवाने धरलेला असतो.

ज्या पूर्वजांनी कैलास कोरला त्यांनी भार न उचलण्याचे शहाणपण दाखविले. आपल्या युगास ते शक्य नाही; आपणांस उचलणे भागच आहे. मग निदान थांबण्याचे शहाणपण तरी आपण अंगी बाणविले पाहिजे.