ग्लॅडविनचे तीन आठवडे

बॉस्टनच्या फुटपाथवर तुम्ही रांगेत उभे आहात. १९८० च्या दशकाचा मध्य. कॅनडाच्या ‘रश’ या बँडची तिकिटं मिळावीत म्हणून ही गर्दी. तुमच्या पुढे बर्कली कॉलेज ऑफ म्युझिकमधली तीन पोरं आहेत. गिटार वाजवणारा जॉन पेट्रूची, बेसवर जॉन म्युंग आणि ड्रमवर माइक पोर्टनॉय. पहिले दोघे न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचे, किंग्ज पार्कमधले बालमित्र. टेपरेकॉर्डरवर रशचं ‘बॅस्टिल डे’ चालू आहे. गाण्याचा शेवट ऐकून पोर्टनॉय म्हणतो, काय राजेशाही थाट आहे! बँडला तिथेच नाव मिळतं, ‘मॅजेस्टी’.

पुढचं सगळं तुम्हाला ठाऊक आहे. हा बँड ‘ड्रीम थिएटर’ या नावाने जग फिरेल, २०२२ साली ग्रॅमी घेईल. तुम्ही तो ओळखायला लागलात तो १९९२ च्या ‘इमेजेस अँड वर्ड्स’पासून, जेम्स लाब्रीच्या आवाजातून. पहिला अल्बम हाती आला तो नंतर, आणि ‘तो वेगळ्या गायकाचा’ म्हणून कपाटात मागे गेला. आज तुम्ही आलात ते त्याच्यासाठी.

मधली वर्षं भरभर जातात. तिघांनी कॉलेज अर्ध्यात सोडलं. किंग्ज पार्कचाच केव्हिन मूर कीबोर्डवर आला. ‘मॅजेस्टी’च्या डेमो कॅसेटच्या हजार प्रती सहा महिन्यांत संपल्या. लास व्हेगासच्या दुसऱ्या एका बँडने नावावर हक्क सांगितला, तेव्हा पोर्टनॉयच्या वडिलांनी कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेच्या एका सिनेमागृहाचं नाव सुचवलं. ते होतं ‘ड्रीम थिएटर’. १९८७ च्या नोव्हेंबरात गायक मिळाला, चार्ली डॉमिनिची. बाकी चौघांचा जन्म १९६७ चा, याचा १९५१ चा. बँडची सगळी पोरं विशीत आणि गायक पस्तिशी ओलांडलेला. त्यांच्यात तो वडीलभावासारखा वाटतो, आणि आज तुमचं लक्ष त्याच्यावरच राहणार आहे.

आता १९८८. जूनमध्ये ‘मेकॅनिक’ या कंपनीशी करार झालाय आणि तुम्ही फिलाडेल्फियाजवळच्या ग्लॅडविन गावात, केजेम व्हिक्टरी स्टुडिओत कोपऱ्यात बसला आहात. कोणाच्या मध्ये येऊ नका. वेळ कमी आहे. वाद्यांचे मूळ ट्रॅक दहा दिवसांत उरकायचेत आणि सगळा अल्बम तीन आठवड्यांत. टेपची रिळं फिरताहेत. मिक्सरपाशी टेरी डेट आहे. पुढे पँटेरा आणि साउंडगार्डन या बँडचे गाजलेले अल्बम याच्याच हातून होतील.

कान द्या. ‘द इट्से जॅम’ चालू आहे. यात गाणारा कोणी नाही. गिटार आणि कीबोर्ड एकच धून इतक्या वेगात जोडीने घेतात, की कुठला स्वर कोणाचा हे सांगता येत नाही. ठेका चारचा म्हणून तुम्ही पायाने ताल धरता, तोच मध्ये एक मात्रा गळते, पुढे दोन वाढतात आणि तुमची सम चुकते. त्या चौघांची चुकत नाही. म्युंग बेसवर एकटा वाजवतो, मग पोर्टनॉय. आडव्यातिडव्या मात्रांत वाजवणारे मेटलवाले तेव्हाही होते. या पोरांचं वेगळेपण असं की इतक्या गुंत्यातही गुणगुणता येईल अशी चाल ते सोडत नाहीत. कॉलेजात शिकलेली हुशारी दाखवायचा मोह त्यांना आहे, तो लपतही नाही. पण चाल हातची गेली तर सगळं फुकट, हे त्यांना एकविसाव्या वर्षी कळलंय. लोक ज्या गुणांसाठी या बँडवर पुढे जीव टाकतील, ते सगळे इथे हजर आहेत. मला विचाराल तर कमी पडतो तो ध्वनिमुद्रणाचा भरीवपणा. ड्रम पोकळ वाटतात, गिटार पातळ. तीन आठवड्यांत ते तेवढंच व्हायचं.

मग ‘द किलिंग हँड’. जवळपास पावणेनऊ मिनिटं, पाच भाग. सुरुवातीची गिटार इतकी हळुवार, की मेटलचा बँड असल्याचा विसर पडावा. पेट्रूचीने लिहिलेली ही काळात मागे जाणाऱ्या माणसाची गोष्ट आहे. तो जातो एक हत्याकांड थांबवायला, आणि अखेर कळतं की मारणारा हात त्याचाच. तुम्ही स्वतः असाच प्रवास करून इथे बसला आहात, त्यामुळे गाणं जरा जास्तच लागतं. डॉमिनिचीचा आवाज वर चढतो. तो टोकदार आहे, स्वच्छ आहे. लाब्रीची नाट्यमय फेक त्यात नाही. पण हा माणूस गोष्ट सांगतो, शब्दन् शब्द कळेल असा गातो. ‘आफ्टरलाइफ’चे शब्द तर त्याचेच आहेत. त्याला सांगावंसं वाटतं, की वर्षभरात हे सगळं तुझ्या हातून जाईल. सांगू नका. आत्ताच ऐकलेल्या गाण्यातल्या माणसाचं काय झालं ते आठवा.

६ मार्च १९८९. ‘व्हेन ड्रीम अँड डे युनाइट’ दुकानात येतो. आठ गाणी, एक्कावन्न मिनिटं. मुखपृष्ठावर माणसाच्या अंगावर बँडचं चिन्ह डागलं जातंय. जाहिरात नाही, मोठा दौरा नाही. कंपनीने द्यायचे म्हटलेले बहुतेक पैसे आलेच नाहीत. कार्यक्रम झाले ते मोजके आणि घराच्या आसपासचे. त्यातल्या पहिल्याला तुम्ही हजर आहात, लाँग आयलंडवरच्या बे शोअर इथल्या ‘सनडान्स’मध्ये. आज हे ‘झीब्रा’ नावाच्या बँडच्या आधी वाजवणार आहेत. चौथ्या कार्यक्रमानंतर डॉमिनिचीला निरोप दिला जातो. पुढे न्यूयॉर्कच्या ‘रिट्झ’मध्ये ‘मॅरिलियन’ या बँडच्या आधी वाजवायची संधी आली, तेव्हा बँडने त्यालाच परत बोलावलं आणि तो आला. एवढं होऊनही आला, याचं मला फार मोल वाटतं.

अल्बम पडला म्हणून तो कच्चा होता असं समजायची सवय लागते. तुम्ही ग्लॅडविनला बसून ऐकलंय, तुम्ही तसं म्हणू नका. ‘द किलिंग हँड’ १९९३ साली लंडनच्या मार्की क्लबमध्ये लाब्री गायला, ते ध्वनिमुद्रण बाजारात आहे. गाणं तेच, नीट टिपलेलं. मूळच्या बांधणीत खोट नव्हती हे त्यावरून पटतं.

एक थांबा राहिला. ६ मार्च २००४, लॉस एंजेलिसचं पँटेजेस थिएटर. पंधरा वर्षं झाली म्हणून ड्रीम थिएटर आज पहिला अल्बम आरंभापासून शेवटपर्यंत वाजवतंय. गातो लाब्री. कीबोर्डवर आता जॉर्डन रुडेस आहे, मूर केव्हाच गेला. शेवटी डॉमिनिची मंचावर येतो. वय बावन्न. तो ‘टू लिव्ह फॉरएव्हर’ गातो, मग ‘मेट्रोपोलिस’ही, जे गाणं त्याच्यानंतर आलेल्या गायकामुळे जगाला माहीत झालं. बाल्कनीतून तुम्ही दोन्ही गायकांना एकाच मंचावर बघता, आणि घसा बसेस्तोवर ओरडता. पुढच्याच वर्षी डॉमिनिचीने ‘ओ थ्री’ या आपल्या त्रिखंडी कथेचा पहिला अल्बम काढला, दुसरा २००७ साली, तिसरा २००८ साली.